आमचा गिझर गळत नाही

डोंबिवली (पूर्व)
२४ नोव्हेंबर १९९१

ती. सगुणाताईस,
उत्तराचा नमस्कार.

दिवाळीला चार दिवसांसाठी म्हणून आणलेली आई अजून माझ्याकडेच आहे, तेव्हा तू रागावली असशील. त्याचं कारण सांगायलाच हे पत्र. आमच्याकडे गिझर बसला. भिंतीवरचा, साठवणीचा, विजेवर चालणारा. कंपनीचा माणूस येऊन सगळा पाइप जोडून गेला आणि मला समोर उभं करून कुठला नळ कशासाठी ते समजावूनही गेला.

आयुष्यभर बर्फातली मासळी उपसून आईची बोटं कशी झालीत, ते मी तुला सांगायला नको. थंडी पडली की तिला लुगड्याची गाठ मारता येत नाही. आता सकाळी नळ सोडला की गरम पाणी. ती बादलीत हात बुडवून बसते आणि एकेक बोट सरळ करते. परवा तिने आपण होऊन लसूण सोलायला घेतला. मी बघतच राहिले.

इतकी वर्षं तू तिचं सगळं केलंस. आता थोडा आराम कर. संक्रांतीपर्यंत तरी ती इथेच राहू दे, पुढचं पुढे. ती छान रमलीय. ठाण्याची आठवणही काढत नाही.

मारुती भावोजींना नमस्कार.

तुझी,
उत्तरा

•

वर्तकनगर, ठाणे
३ डिसेंबर १९९१

उत्तरा,

पत्र मिळालं. थोडा आराम कर म्हणतेस. तुझ्याकडे मी आराम मागायला आलेले का?

परवा रविवारी मी आले ती आईला बघायला. तुझा गिझर बघायला नाही. पण चप्पल काढते न काढते तोच तू मला बाथरूममध्ये नेलंस. एवढी नवीकोरी वस्तू, आणि कोपऱ्यात पाइप खाली सोडलाय त्यातून टपटप पाणी गळतंय. तुझे त्र्यंबकराव समोर होते म्हणून मी काही बोलले नाही. कंपनीचा माणूस असंच काम करून गेला का? आमच्या इथला नाक्यावरचा प्लंबरसुद्धा गळतं ठेवून जात नाही.

आणि ऐक. इथे मी पहाटे उठून स्टोव्हला पंप मारते, पातेलं चढवते, आणि आईच्या हातावर पाणी ओतते ते माझ्या हाताने. कढत झालंय का, कोमट झालंय का, ते माझ्या बोटाला कळतं. नळ काय, कोणीही फिरवतं.

शेजारच्या हौसाबाई रोज विचारतात, आई कधी येणार म्हणून. मी काय सांगू? धाकटीच्या घरी नळाला गरम पाणी आहे म्हणून आमची आई तिकडेच राहिली, असं सांगू?

संक्रांतीच्या आत तिला आणून सोड.

सगुणा

•

डोंबिवली (पूर्व)
१० डिसेंबर १९९१

ती. ताई,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. दाखवण्यासारखं नव्हतं.

आमचा गिझर बिघडलेला नाही. पाणी तापलं की फुगतं, दूध वर येतं तसं. जुन्या पद्धतीत गच्चीच्या टाकीपर्यंत एक उघडी नळी नेलेली असते, फुगलेलं पाणी तिच्यातून वर जातं. आमच्यात तशी नळी नाही, टाकी सगळीकडून बंद आहे. थंड पाणी आत येतं तिथे एक व्हॉल्व्ह आहे, तो पाण्याला मागे जाऊ देत नाही. मग वाढलेल्या पाण्याने जायचं कुठे? त्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह आणि त्याला तो खाली सोडलेला पाइप. तापताना तिथून थेंब पडतात, आणि पडायलाच हवेत. त्या माणसाने सांगून ठेवलंय, हा पाइप मोरीच्या तोंडाशी उघडा राहिला पाहिजे, त्याला नळ लावायचा नाही, काही नाही.

शाळेत शिकवल्यासारखं लिहिलं, माफ कर. सवय.

आता राहिलं आईचं. ताई, ती पहिल्यांदाच माझ्याकडे राहतेय. आपण लहान होतो तेव्हा ती तुला बरोबर घेऊन बाजारात जायची. मी आजीपाशी घरी. तुम्ही दोघी दुपारी परत यायच्या त्या बोलतच. कुठल्या गिऱ्हाइकाने काय घासाघीस केली, कोणाची सुरमई शिळी निघाली. मी ताटं वाढायची आणि ऐकायची. मला त्यात जागा नव्हती. आता ती माझ्या स्वयंपाकघरात बसून बोलते ते माझ्याशी. एवढं मला काही दिवस मिळू दे.

उत्तरा

•

वर्तकनगर, ठाणे
३ जानेवारी १९९२

चि. उत्तरास,

नवीन वर्षाचा आशीर्वाद. एक आनंदाची बातमी. आमच्याकडेही गिझर आला.

ह्यांच्या वागळे इस्टेटच्या कंपनीतल्या एका साहेबांनी नवीन घेतला, आणि जुना ह्यांना दिला. जुना म्हणजे नावापुरता, रंगसुद्धा उडालेला नाही. आणि पाइपाचं काम ह्यांनी स्वतः केलं. दोन रविवार घालवले. भिंतीत मोठे बोल्ट घातले, भरलेली टाकी जड असते म्हणाले. सगळे पाइप लोखंडी, गरम पाण्याच्या लाइनला प्लास्टिक चालत नाही म्हणून. तो तुझ्याकडचा एका दिशेचा व्हॉल्व्ह, सेफ्टी व्हॉल्व्ह, सगळं लावलं. बटण बाथरूमच्या बाहेर, दाराशेजारी. तुझ्याकडे कंपनीचा माणूस आलेला, माझ्याकडे घरचाच आहे.

तेव्हा आता आईला तिकडे थांबायचं काही कारण राहिलं नाही. येत्या रविवारी हे न्यायला येतील. तिची पिशवी भरून ठेव. तिची काळी शाल विसरू नकोस. तू विसरशील, मला माहीत आहे.

सगुणा

•

डोंबिवली (पूर्व)
१७ जानेवारी १९९२

ती. ताई,

तिळगूळ पोस्टाने पाठवला होता, मिळाला असेल.

आई गेली आणि घर मोठं झाल्यासारखं वाटतंय. शाळेतून आल्यावर मी अजून दोन कप चहा ठेवते. त्र्यंबक उशिरा येतात, मग दुसरा कप मीच पिते.

निघताना आईने भावोजींना विचारलं, “गिझर तुजा मोठा का हिचा मोठा?” भावोजी हसले. म्हणाले, “आमचा मोठा, आई.” आणि ती लगेच उठली. मी दारात उभी होते. तिने मागे वळून बघितलं असेल, पण मला तसं दिसलं नाही.

तुला वाटेल मी दोष देतेय. दोष नाही देत. तुझ्याकडे असं काय आहे, ते मला एकदा कळू दे, म्हणजे झालं. तू ओरडतेस तिच्यावर, मी तर आवाजसुद्धा चढवला नाही. तिच्यासाठी मी माझी खाट दिली, बोंबील आणले, त्र्यंबकच्या घरात कधी आले नव्हते ते. तरी पिशवी हातात घेताना तिचा चेहरा असा उजळला, की मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

पाणी हाताला सोसतंय ना तिला? थोडं थंड मिसळून देत जा.

उत्तरा

•

वर्तकनगर, ठाणे
२५ जानेवारी १९९२

चि. उत्तरा,

तिळगूळ मिळाला. थोडा कडक झालेला, पण आईने खाल्ला.

आई मजेत आहे. इथे तिला माणसं लागतात ती मिळतात. हौसाबाई येतात, आणि काल कोळीवाड्यातून सखुबाई येऊन गेली. आईच्या बाजूला तिची मासळीची पाटी असायची, आठवते का? एकटीच राहते बिचारी, पण जीभ अजून तशीच. दोघी दुपारभर हसत होत्या. तुझ्या तिथे ब्लॉकची दारं बंद, आईने बोलायचं कोणाशी? तुझं नावही तिने ह्या पंधरा दिवसांत काढलं नाही. तू विचारलंस म्हणून सांगते.

हे नाशिकला गेलेत. कंपनीने नवीन मशिन बसवायला पाठवलंय, महिनाभर तरी लागेल. ते गेले आणि मी एक काम उरकून घेतलं. त्यांनीही तुझ्यासारखाच तो खाली पाइप सोडलेला, आणि सकाळी गिझर लावला की टपटप सुरू. मला ते ऐकवेना. आपला गिझर चांगला असून त्याने तुझ्यासारखं गळायचं कशाला? हौसाबाईंनीसुद्धा विचारलं, काय गो, जुना आहे म्हणून गळतो का. मग मी नाक्यावरच्या प्लंबरला बोलावलं. त्याने तो पाइप काढला आणि तिथे बूच मारलं, घट्ट, दोरा गुंडाळून. एकदम कोरडं.

तर आता तू ये आणि बघ. आमचा गिझर गळत नाही. एक थेंबसुद्धा नाही.

सगुणा

•

डोंबिवली (पूर्व)
२८ जानेवारी १९९२

ताई,

पत्र आत्ता मिळालं आणि लगेच लिहितेय. ते बूच आजच्या आज काढून घे. तोपर्यंत गिझर लावू नकोस.

मी तुला डिसेंबरात लिहिलं होतं, वाढलेल्या पाण्याला बाहेर पडायची तेवढीच वाट असते. ती तू बंद केलीस. आत थर्मोस्टॅट असतो, पाणी ठरावीक तापलं की तो वीज बंद करतो, म्हणून रोज काही होत नाही. पण तुमचा गिझर वापरलेला आहे. तो थर्मोस्टॅट एक दिवस अडकला, तर पाणी तापतच राहील, आणि जायला वाट नाही. मग टाकी फुटते, किंवा पाइपाचा सांधा सुटतो. कंपनीच्या माणसाने मला हे दोनदा सांगितलं होतं. मी तेव्हा अर्धवट ऐकलं, आज सगळं आठवतंय.

भावोजींनी काम बरोबर केलं होतं. तू ते बिघडवलंस, आणि कशासाठी, तर माझ्यापेक्षा तुझं सरस दिसावं म्हणून. आईच्या अंघोळीच्या जागेवर तू हा खेळ करतेस. आणि मिरवतेस की आई तुझ्याकडे सुखात आहे.

हे शेवटचं खोडणार होते. राहू दे. मला वाटलं ते लिहिलं.

रविवारी मी येते.

उत्तरा

•

वर्तकनगर, ठाणे
४ फेब्रुवारी १९९२

उत्तरा,

रविवारी तू आलीस, तुझ्या मनासारखं झालं नाही, आणि तू न जेवता गेलीस. आईही ताटावरून उठली. म्हणून लिहितेय, नाहीतर लिहिणार नव्हते.

मोठ्या बहिणीच्या घरी पर्समध्ये पाना घालून येतात का? आईला नमस्कार करायच्या आधी तू विचारलंस, बाथरूम कुठे. जसं काही कधी आलीच नव्हतीस. मी दारात उभी राहिले ते मुद्दाम, हो. माझ्या घराला तू हात लावायचा नाहीस. तू म्हणालीस, “ताई, बाजूला हो, दोन मिनिटांचं काम आहे.” मी म्हटलं, “तुला आई पाहिजे ना, मग सरळ तसं बोल. गिझरचं निमित्त कशाला?” आईसमोर तुझं तोंड उतरलं, त्यावरूनच मला कळलं की मी बोलले ते खरं आहे.

तू गेल्यावर आई म्हणाली, “मी काय तुमची पाटी हाय, आज हिच्या डोईवर, उद्या तिच्या?” हे तुझ्यामुळे ऐकावं लागलं मला.

रोज अंघोळी होतात. काहीही झालेलं नाही. ह्यांना कळवायचं तर कळव. नाशिकला बसून ते काय करणार आहेत?

सगुणा

•

डोंबिवली (पूर्व)
७ फेब्रुवारी १९९२

ताई,

तू बोललीस ते खरं आहे. आई माझ्याकडे असावी असं मला वाटतं. ती तुझ्याकडे जाताना उजळली तेव्हापासून मला नीट झोप नाही. पण बूच काढायला मी आले होते तेही खरंच. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात असू शकतात. तुला नाही पटणार, सोडून दे.

मी भावोजींच्या कंपनीत जाऊन नाशिकचा पत्ता आणला आणि त्यांना लिहिलंय.

ते येईपर्यंत तू बूच काढणार नाहीस, गिझरही बंद ठेवणार नाहीस, हे मी धरून चालते. मग एवढंच कर. गिझर लावला की तिथेच आसपास थांब. आत भात रटरटल्यासारखा आवाज आला, किंवा पाइप हादरायला लागला, तर बाहेरचं बटण बंद कर, आईला बाहेर काढ, आणि दार लावून घे. गरम पाण्याच्या नळाला हात लावू नकोस. आत कोंडलेलं पाणी नळ उघडताच वाफ होऊन अंगावर येतं. तासन्‌तास जाऊ देत, टाकी आपली थंड होऊ दे.

याच्यावर मला उत्तर नको. फक्त लक्षात ठेव.

उत्तरा

•

ठाणे
१४ फेब्रुवारी १९९२

चि. सौ. उत्तरास,
मारुतीचा आशीर्वाद.

तुझ्या शाळेत फोन लागला नाही म्हणून हे पत्र माझ्या कंपनीतल्या महिपतच्या हाती पाठवतोय. तो तुमच्या डोंबिवलीचाच आहे. पत्र वाचून घाबरू नकोस. आई सुखरूप आहे. सगुणाला भाजलंय. ती सरकारी इस्पितळात आहे, जिवाला धोका नाही असं डॉक्टर बोलले.

तुझं पत्र मला बुधवारी मिळालं. गुरुवारी पहिल्या गाडीने निघालो. घरी पोचलो तर दारात माणसं.

हौसाबाईंनी आणि आईंनी सांगितलं ते असं. सकाळी आई अंघोळीला बसल्या होत्या. सगुणा स्वयंपाकघरात होती. तिला आवाज आला. आईंना ऐकू कमी येतं, त्यांना काही कळलं नाही. सगुणा धावत आली, बटण बंद केलं, आणि आईंना ओल्या लुगड्यानिशी दोन्ही खांद्यांना धरून ओढत बाहेर आणलं. हौसाबाईंकडे नेऊन बसवलं. तिथपर्यंत सगळं ठीक झालं.

मग ती परत आत गेली. का गेली, ते मला अजून समजत नाही. तिने गरम नळ सोडला. वाफ आली, आणि त्याच वेळी वरचा सांधा सुटला. उजवा हात खांद्यापर्यंत भाजलाय, मानेची ती बाजूही. तिने तोंड फिरवलं म्हणून डोळे वाचले.

मी जाऊन बघितलं. बूच जागेवरच होतं, घट्ट. थर्मोस्टॅट अडकलेला. मी तो जुना थर्मोस्टॅट बसवतानाच बदलायला पाहिजे होता, मीही बाकीचं काम नीट झालं म्हणून खूश होतो. टाकी खाली उतरवलीय. ती परत लागणार नाही.

जमेल तेव्हा ये. सगुणा तुझं नाव घेतेय.

मारुती

•

डोंबिवली (पूर्व)
९ मार्च १९९२

ती. ताई,

तुला घरी सोडलं असं भावोजींनी कळवलं. इस्पितळात मी रोज येत होते, पण आपण दोघी धड बोललोच नाही. कॉट मध्ये होती आणि आई मध्ये होती. लिहिताना मला जास्त सुचतं, म्हणून लिहितेय.

पहिल्या दिवशी मी आले तेव्हा तू ग्लानीत होतीस. आई तुझ्या उशाशी स्टुलावर बसली होती. तू डोळे उघडलेस की ती पेजेचा चमचा तुझ्या तोंडाला लावायची. तिची बोटं वाकडी, चमचा धरवत नव्हता, अर्धी पेज चादरीवर सांडत होती. मी म्हटलं, “आई, दे, मी भरवते.” तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “ऱ्हाऊ दे. मला जमतंय.”

ताई, तुझ्या हातावरचे फोड मला दिसत होते, तुझं कण्हणं ऐकू येत होतं, आणि मला तुझा हेवा वाटला. मी बरोबर ठरले होते, अगदी शब्दाशब्दाने बरोबर, आणि आई बसली होती तुझ्यापाशी. मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. अशा माणसाला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. तूच सांग.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आपलं भांडण झालं, ते तुला आठवत असेल. आईला माझ्याकडे नेते, तुला स्वतःचं झेपत नाहीये, असं मी म्हटलं. तू म्हणालीस, “बघ, आलीस ना मूळ गोष्टीवर.” पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. सिस्टर आली. आणि आई आपली चप्पल शोधत होती.

ती त्या दिवशी सखुबाईबरोबर गेली, ते मला वाटलं रात्रीपुरती. सखुबाई तुला बघायला आली होती, तिच्याबरोबर जेवायला गेली असेल. अजून ती तिथेच आहे असं भावोजी लिहितात. खरं का?

पाण्यासाठी काय करता? आमचा गिझर मी तपासून घेतला. थेंब पडतात ते रोज बघते.

उत्तरा

•

वर्तकनगर, ठाणे
६ एप्रिल १९९२

उत्तरा,

अक्षराला हसू नकोस. डाव्या हाताने लिहितेय, तेही दोन दिवस पुरवून पुरवून. उजवा बरा होतोय. बोटं वळतात, मूठ अजून होत नाही.

तू विचारलं नाहीस, पण ह्यांनी शंभरदा विचारलं, परत आत का गेलीस. ह्यांना सांगितलं नाही, तुला सांगते. आवाज आला तेव्हा मला तुझं पत्र आठवलं. राग आलेला म्हणून मी ते चार वेळा वाचलेलं, पाठच झालेलं. बटण, आई, दार. तसंच केलं मी. आईला हौसाबाईंच्या खाटेवर बसवलं, आणि माझ्या मनात आलं, आता ही उत्तरा सगळ्यांना सांगेल, माझ्यामुळे आई वाचली. नळाला हात लावू नको म्हणालीस ना? मी लावून दाखवते काही होत नाही ते. एवढाच विचार. तो करायला मला दोन पावलंसुद्धा लागली नाहीत. मग जे झालं ते झालं.

मी तुझी माफी मागत नाहीये. आई तुझ्यामुळे वाचली, ते लिहून देते. तेवढं पुरे कर.

आई सखुबाईकडेच आहे. सखुबाईचं घर म्हणजे एक खोली, पुढे पडवी. गिझर नाही, नळ चौकात. मी ह्यांना दोनदा न्यायला पाठवलं, ते हात हलवत परत आले. आई बोलली म्हणे, “तिकडं दोघी माज्यासाठी भांडतात. इकडं आमी दोघी माशांवरनं भांडतो. हे बरं हाय.” मला इतका राग आला सखुबाईचा. आपण दोघींनी एवढं केलं, आणि ती कोण लागते आपल्या आईची?

पाडव्याला मी स्वतः गेले. ह्यांनी मागून येतो म्हटलं, मी एकटीच रिक्षाने गेले. पडवीत दोघी बसलेल्या. सखुबाईने चुलीवर पाणी तापवलेलं, परातीत ओतलेलं, आणि दोघींचे हात त्याच परातीत. चारही हात सारखेच वाकडे. कशावरून तरी हसत होत्या. मी दारात उभी राहिले, त्यांना दिसले नाही. मला वाटलं तसंच परत फिरावं. तुझ्या त्या व्हरांड्याचं मला तिथे उभं राहून समजलं.

मग सखुबाईचं लक्ष गेलं. म्हणाली, “शेवंते, तुजी पोरगी.” आईने मान वर केली, आणि मला बघून पहिलं काय विचारलं असेल? “उत्तरा नाय आली?”

माझा हात गळ्यात बांधलेला, मान पट्टीत, पाडव्याचा दिवस, मी एवढ्या लांबून आलेली. आणि ती तुझ्याबद्दल विचारते. मग मला बोलली, तुझ्याकडे असताना मी रोज उत्तराचं काहीतरी काढायची, तू भांडी आपटायचीस म्हणून थांबले. सखुबाई मान हलवत होती, म्हणजे तिलाही ठाऊक.

झोंबलं मला. खोटं कशाला बोलू? अजून झोंबतंय. मी आईला म्हटलं, शाळेची परीक्षा असेल, येईल. आणि घरी येऊन ठरवलं, हे उत्तराला कळवायचंच नाही.

ते दोन दिवसांपूर्वी. आता कळवतेय.

रविवारी सकाळी ये. आधी माझ्याकडे ये, मग दोघी मिळून कोळीवाड्यात जाऊ. मला एका हाताने अंबाडा घालता येत नाही, तो तू घाल.

सगुणा